चष्मेवालीची चाकांवरची खोली

चष्म्याच्या दुकानातल्या बाईला अख्खा बाजार ‘पाव नंबर’ म्हणायचा. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. नाव पडलं ते शेजारच्या घड्याळजीमुळे. डोळे तपासून घेताना तो एकदा कंटाळला आणि म्हणाला, “दिसतंय हो चांगलं, द्या आता हाच नंबर.” ती म्हणाली, “चांगलं नको, नीट दिसायला हवं. पाव नंबर कमी पडतोय अजून.” आणि त्याला आणखी वीस मिनिटं खुर्चीत बसवून ठेवलं. त्याने बाहेर पडून चौघांना सांगितलं, चौघांनी चाळिसांना, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, लेक नोकरीनिमित्त दूर. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत फ्रेमांची कपाटं आणि तपासणीची खुर्ची, मागे काचा घासायचं मशीन. तीस वर्षं त्या दोन खोल्यांत गेली आणि आणखी दहा तशीच गेली असती, पण एका मंगळवारी डोंगरावरच्या गावातून एक म्हातारी आली. तीन तास बसमधून आलेली, अंगावर धूळ, डोळ्यांवर पुरुषी चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“आजी, हा चष्मा कुणाचा?”

“आमच्या ह्यांचा. ते गेले, चष्मा राहिला. टाकवत नाही.”

“दिसतं का ह्यातून?”

“दिसतं की. माणूस येतंय एवढं कळतं. कोण येतंय ते आवाजावरून.”

पाव नंबरने तिचे डोळे तपासले आणि आठ दिवसांनी चष्मा न्यायला बोलावलं. आठ दिवस गेले, महिना गेला, चष्मा खणात तसाच. चौकशी केली तेव्हा कळलं, वरच्या गावांची बसच बंद झाली होती. शेवटी एका रविवारी नवरा-बायको आपली छोटी गाडी घेऊन स्वतःच चष्मा द्यायला निघाले.

म्हातारीने चष्मा लावला. आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, मग घराची भिंत. “एवढ्या भेगा होत्या होय,” म्हणाली आणि हसली. तोवर अंगणात अकरा माणसं गोळा झाली होती. कुणाकडे फुटकी काच, कुणाकडे बाजारातून डोळे मिटून उचललेला चष्मा, कुणाकडे काहीच नाही. पाव नंबरजवळ त्या दिवशी तपासायला काही नव्हतं. तिने कुणाला खोटा शब्द दिला नाही. पण घाट उतरून खाली सपाट रस्ता लागल्यावर म्हणाली, “अहो, दुकान वर न्यायचं.”

“कायमचं?” नवऱ्याने विचारलं.

“छे. चाकांवर. न्यायचं आणि आणायचं.”

नवरा तिला पुरता ओळखून होता. असं काही ती एकदा बोलली की पुढे प्रश्न विचारायचे ते फक्त ‘केव्हा’ आणि ‘कसं’ एवढेच.

गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, तिला एका वयस्कर जोडप्याकडे मिळाली. आयुष्यभर हिंडून झाल्यावर त्यांनी ती परसात लावून ठेवली होती आणि तिच्या पायरीवर कोंबड्या बसत होत्या. व्यवहार ठरल्यावर त्या घरच्या बाईने पाव नंबरला बाजूला घेतलं. “एक लक्षात ठेवा. हिचं शेपूट हलायला लागलं तर ब्रेक दाबायचा नाही. पाय काढायचा नुसता, आणि स्टिअरिंगचं चाक सरळ धरायचं. बाकी सगळं शिकता येतं, हे मात्र त्या क्षणी आठवायला लागतं.”

आता प्रश्न राहिला ओढणाऱ्या गाडीचा. घरची छोटी गाडी चढावर नवरा-बायकोलाच धापा टाकत न्यायची. इथे तिचा धाकटा भाऊ पुढे झाला. त्याचा जुन्या गाड्या विकायचा धंदा. वयाने धाकटा, पण बोलणं चार थोरल्यांचं. त्याने आपल्या आवारातली सगळ्यांत उंच, चकचकीत गाडी बहिणीच्या दारात आणून उभी केली.

“ताई, ही घे. माझ्याकडून. पैशाचं नाव काढू नकोस. हत्ती बांधलास तरी ओढेल.”

तिला भरून आलं. लहानपणी पेन्सिलीचा तुकडाही न देणारा भाऊ गाडी देत होता. दोघांनी मिळून कॅरॅव्हॅनमध्ये सामान भरलं. तपासणीची लोखंडी खुर्ची, काचांचं शिसवी कपाट, बॅटऱ्या, पाण्याची भरलेली टाकी, आणि अगदी मागे खिडकीखाली, जिथे उजेड बरा होता तिथे, काचा घासायचं मशीन. रविवारी दुपारी पहिली फेरी निघाली. भाऊ स्टिअरिंगवर, ती शेजारी.

सपाटीवर सगळं झकास. भाऊ एका हाताने चालवत होता. “बघ, मागे काही आहे असं वाटतं तरी का?” शहराबाहेरच्या उतारावर गाडीने वेग घेतला आणि तेवढ्यात एक लांबलचक ट्रक शेजारून भरधाव गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन थोडी कलली. परत आली, ती दुसऱ्या बाजूला जरा जास्तच गेली. मग पुन्हा इकडे. आरशात पांढरी भिंत डावीकडून उजवीकडे झुलू लागली आणि प्रत्येक झोक्याला गाडीची मागची चाकं आपली जागा सोडू लागली. भावाचा पाय ब्रेककडे गेला.

“ब्रेक नको,” ती म्हणाली. आवाज खुर्चीतल्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. “पाय काढ. चाक सरळ धर. नुसतं धर.”

त्याने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा, असं ती नंतर सांगायची. झोके तीन झाले, चार झाले, मग लहान होत होत थांबले. रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहिली. कॅरॅव्हॅनचं दार उघडलं तर कपाटाचे खण बाहेर आलेले आणि शेकडो काचा जमिनीवर पसरलेल्या.

“वाऱ्यामुळे झालं,” भाऊ म्हणाला.

“वारा ट्रकचा होता. आणि ट्रक रोजच असणार.”

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं. कॅरॅव्हॅन हळूहळू भंगारवाल्यांच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरची बाई पन्नाशीची, तोंडाने फटकळ. लोखंड, कागद, कापूस, जे येईल ते जोखून तिचे डोळे तयार झालेले. आधी गाडी एकटी जोखली, बाराशे चाळीस किलो. मग सोडवून कॅरॅव्हॅन, भरल्यासकट चौदाशे साठ.

काटेवाली हसली. “बाई, नाकापेक्षा मोती जड झालाय की तुमचा.”

“पण गाडी ओढते व्यवस्थित.”

“ओढायला काय, मुंगीसुद्धा ओढते. उतारावर मागचं पुढच्याला ढकलायला लागलं की कळतं, कोण कुणाला नेतंय. पुढची गाडी रिकामी शंभर असली तर मागचं भरलेलं पंचाऐंशीच्या वर नको, नवशिक्यासाठी तर नकोच. आणि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघितलं का?”

पाव नंबरने गाडीचं पुस्तक उघडलं आणि खिशातलं भिंग लावून बारीक अक्षरं वाचली. ही दांडगी दिसणारी गाडी हजार किलोच्या वर काही ओढायला बनवलेलीच नव्हती. उंची होती, पत्रा होता, तोरा होता, वजन नव्हतं. मग तिने कॅरॅव्हॅनच्या दारामागची पत्र्याची पट्टी पुसली. तिथे लिहिलं होतं, सामानासकट जास्तीत जास्त तेराशे. म्हणजे चूक दोन्हीकडे होती. गाडी हलकी आणि कॅरॅव्हॅन तिच्या स्वतःच्या चाकांनाही न झेपेल इतकी भरलेली. आपण तीस वर्षं पाव नंबरासाठी माणसांना ताटकळत ठेवलं, आणि इथे पावणेतीन टनांचा ऐवज न मोजता रस्त्यावर काढला, ह्याची तिला मनस्वी लाज वाटली.

संध्याकाळी तिने गाडीची किल्ली भावासमोर ठेवली.

“म्हणजे माझी गाडी वाईट?” तो म्हणाला.

“गाडी चांगली आहे. माझ्या कामाची नाही.”

“लोक ह्याहून मोठ्या कॅरॅव्हॅना ओढतात, ताई. काही होत नाही त्यांना.”

“आपल्याला काल झालं.”

“मी देतोय ते घ्यायचं नाही, आणि वर चारचौघांत काट्यावर नेऊन माझी शोभा करायची.”

“अरे, चष्मासुद्धा चांगला असतो. दुसऱ्याच्या डोळ्यांचा असतो, एवढंच. मी तो कुणाला देईन का?”

भाऊ किल्ली उचलून गेला आणि दोन महिने बहिणीकडे फिरकला नाही. तिला ते लागलं. पण लागलं म्हणून तिने बेत बदलला नाही.

गाडी शेवटी मिळाली ती एका गालिचेवाल्याकडे. लांबलचक, जुनी, चिखलाच्या रंगाची. सीटवर हात फिरवला की लोकरीचे तंतू हाताला येत. तिने सौद्याआधी गाडी काट्यावर न्यायची अट घातली. गालिचेवाला म्हणाला, “बाई, गाडी घेताय की भाजी?” ती म्हणाली, “भाजी वासावरून घेता येते.” काट्यावर सोळाशे वीस भरले. पुस्तकात दीड हजारांपर्यंत ओढायची परवानगी. नवऱ्याने वहीत हिशेब मांडला. सोळाशे वीसच्या शंभरातले पंचाऐंशी म्हणजे पावणेचौदाशेच्या आसपास. कॅरॅव्हॅनची स्वतःची मर्यादा तेराशे. दोन्हींतला लहान आकडा धरायचा, म्हणजे तेराशे. आणि सामानासकट होते चौदाशे साठ.

“एकशे साठ किलो कमी,” नवरा म्हणाला. “म्हणजे मला आणि तुला दोघांना खाली ठेवलं तरी थोडं उरतंय.”

न्हाणीघरातला वजनाचा काटा बाहेर आला. प्रत्येक वस्तू त्यावर चढली, नवरा आकडा पुकारणार, ती ‘राहील’ किंवा ‘जाईल’ म्हणणार. पाणी वर मिळतं, तेव्हा टाकी रिकामी न्यायची, साठ किलो गेले. शिसवी कपाटाऐवजी प्लास्टिकचे उथळ डबे, पंचाऐंशी गेले. एवढं करून तिने आकड्याकडे पाहिलं. एकशे पंचेचाळीसच झाले होते, अजून पंधरा हवे होते.

राहिली खुर्ची. ती काट्यावर मावेना, चार पायांखाली आळीपाळीने काटा सरकवून जोखली, सव्वाशे किलो. ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली त्या मास्तरांची खुर्ची. त्यांनी डोळे मिटायच्या आधी तिला बोलावून सोपवलेली. पाव नंबर त्यात जाऊन बसली. मूठ फिरवली, खुर्ची अर्धी वीत वर आली, पुन्हा खाली गेली. नवऱ्याला वाटलं, खुर्ची राहील आणि दुसरं काहीतरी पंधरा किलोंचं निघेल.

“मास्तर म्हणायचे, पेशंटला खुर्ची लागत नाही, उजेड लागतो,” ती उठत म्हणाली. “जाईल.” दुसऱ्या दिवशी सुताराकडून घडीची लाकडी खुर्ची आणली, नऊ किलोंची. कॅरॅव्हॅन पुन्हा काट्यावर गेली आणि बाराशे भरली.

गालिचेवाल्याच्या गाडीला मागचा हूक बसवणारा मिस्त्री अबोल माणूस होता. त्याने कॅरॅव्हॅनखाली घुसून पाहिलं आणि बाहेर येऊन बोटं दाखवली, गंजाने लाल झालेली. कॅरॅव्हॅनचा स्वतःचा ब्रेक उभ्या उभ्या जाम झाला होता. टायर वरून ठणठणीत दिसत होते, पण त्याने रबर वाकवलं तेव्हा आतून बारीक चिरा उघडल्या. दोन्ही टायर बदलले, ब्रेक खोलून साफ केले.

“मशीन कुठे ठेवलं होतं?” त्याने विचारलं.

“मागे. खिडकीपाशी.”

“म्हणून शेपूट हललं. जड ते खाली, चाकांच्या वर. मागे काही नाही. आणि नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भार गाडीच्या हुकावर थोडा यायलाच हवा. फार नाही. तुमच्या हुकाला पंचाहत्तर किलो चालतो.”

घरी येऊन तिने न्हाणीघरातला काटा कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली ठेवला, मध्ये लाकडी ठोकळा. मशीन जुन्या जागी ठेवून पाहिलं तर नाकावर जेमतेम तीस किलो. म्हणजे त्या दिवशी नाक हवेत तरंगत होतं म्हणायचं. मग दोघं मशीन वीतवीत पुढे सरकवत राहिली. पंचावन्न. एक्क्याऐंशी, फार झालं. थोडं मागे. बहात्तर.

“हे बरोबर,” ती म्हणाली.

“बहात्तर की पावणेबहात्तर?” नवऱ्याने विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने मुकाट्याने खडूने जमिनीवर मशीनची जागा आखली.

पुढे तीन आठवडे बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर रोज सकाळी सराव. सरळ जाणं सोपं. मागे घेणं म्हणजे उलटा धडा. चाक डावीकडे फिरवावं तर कॅरॅव्हॅन उजवीकडे. नवरा मागे उभा राहून हात हलवायचा, पण भूगोलाचा मास्तर असूनही त्याची डावी-उजवी स्वतःच्या तोंडाप्रमाणे बदलायची. तिने कचऱ्याचा डबा दोनदा पाडला, कुंपणाचा खांब एकदा. दहाव्या दिवशी आरशात पाहते तर नवऱ्याच्या जागी भाऊ उभा. दोन्ही हात वर करून त्याने ‘ये’ म्हणून खूण केली. ती मागे आली. ‘थांब’ म्हणाला तिथे थांबली. कॅरॅव्हॅन दोन दगडांच्या मधोमध उभी होती.

“भाऊजी तुला खड्ड्यात घालणार होते,” तो म्हणाला.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “चहा पिऊन जा.” त्या गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. तो मात्र उरलेले दिवस रोज सकाळी येत राहिला.

वर जायच्या पहिल्या खऱ्या फेरीला ती आणि नवरा पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर निघाले. घाटात गाडी तीसच्या वर जाईना. मागे आठ वाहनं साठली. जागा दिसली की ती बाजूला घ्यायची, सगळ्यांना जाऊ द्यायची, पुन्हा निघायची. एका वळणावर समोरून दूधगाडी आली, रस्त्याच्या मधोमध. पाव नंबर कडेला दाबून थांबली. दूधगाडी आरशाला वीतभर राखून निघून गेली.

वरच्या शाळेच्या अंगणात तिने कॅरॅव्हॅन लावली. अक्षरांचा तक्ता शाळेच्या भिंतीवर, मोजून सहा मीटरवर. दुपारपर्यंत तीसेक माणसं झाली. दोघांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसला, त्यांना इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. जेवणाच्या सुमाराला चाळिशीतला एक दांडगा माणूस आला आणि सहज म्हणून बसला. त्याला तक्त्यावरचं सगळ्यांत वरचं अक्षर वाचता येईना.

“काय करता आपण?”

“दूधगाडी चालवतो. सकाळची खेप खाली टाकून आलो, आता दुसरी न्यायचीय.”

तिच्या हातातली काच थांबली. “आज सकाळी घाटात तुम्हीच होता?”

“हो. तुमचं पांढरं पांढरं काहीतरी येताना दिसलं. झालो बाजूला.”

“किती बाजूला झालात ते मी पाहिलंय. अडीच नंबर आहे तुम्हाला, दोन्ही डोळ्यांना. चष्मा तयार होईपर्यंत गाडी चालवायची नाही.”

तो हसत उठला. “बाई, दूध आहे माझं. नासेल. ह्या रस्त्यावर मी अठरा वर्षं आहे, डोळे बांधून जाईन.”

“तसेच जाताय.” तिने हात पुढे केला. “किल्ली.”

तो तिच्या दुप्पट रुंद होता. ती जागची हलली नाही, आवाजही चढवला नाही. “दूध मी विकत घेते हवं तर सगळं. पण तुम्ही खाली जाल तर चष्मा लावून. मला परत त्याच घाटातून जायचंय, आणि ह्या सगळ्यांनाही.”

कोण जाणे काय पाहिलं त्याने तिच्या तोंडावर. किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. शाळेच्या बाईंनी कॅन विहिरीच्या गार पाण्यात ठेवायला लावले. पाव नंबरने बाकीची रांग थांबवून काचा काढल्या, मशीन सुरू केलं, आणि दीड तासात चष्मा त्याच्या नाकावर बसवला. तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. बराच वेळ दरीपलीकडे पाहत होता.

“तिकडे घर आहे?” त्याने विचारलं.

“माझ्या जन्माच्या आधीपासून आहे,” कुणीतरी म्हणालं.

तो मान हलवत राहिला. “म्हणजे इतकी वर्षं मी आवाजावर वळत होतो.”

दूध नासलं नाही. तो किल्ली घेऊन गेला, आणि पुढच्या खेपेला त्याने आपल्या दोन्ही पोरांना आणि वाटेतल्या तीन ड्रायव्हरांना रांगेत आणून बसवलं.

ह्याला आता सात वर्षं झाली. बस पुन्हा सुरू झाली नाही. पाव नंबर महिन्यातून दोनदा वर जाते, अकरा गावं घेते. उतरताना दुसऱ्या गियरमध्ये, घाई नाही. दर सहा महिन्यांनी गाडी आणि कॅरॅव्हॅन जोखून घेते. गेल्या खेपेला काट्यावर नेहमीपेक्षा चाळीस किलो जास्त भरले. शोधता शोधता बाकड्याखाली नकाशांची पुस्तकं सापडली. नवऱ्याने वरच्या शाळेतल्या मुलांसाठी गुपचूप भरली होती. काटेवालीला वाटलं, आता म्हाताऱ्याची काही धडगत नाही. पाव नंबरने पुस्तकं उतरवली, चार सारखे गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठा जोखला, आणि एक परत जागेवर ठेवला.

“हा आत्ता,” ती नवऱ्याला म्हणाली. “बाकीचे पुढच्या तीन खेपांना.”